माजाची सुई

पिशोरच्या डोंगरपट्ट्यात बानाबाईचा उजवा हात प्रसिद्ध होता. हात तसा काही देखणा नव्हे. बोटं आखूड, नखं मुळापासून कातरलेली, तळव्याला घट्टे. मनगट मात्र शाळकरी पोरीचं असावं इतकं बारीक, आणि त्या मनगटानंच तिला नाव मिळवून दिलं. अडलेल्या शेळीच्या पोटात तो हात अलगद शिरायचा, आडवं आलेलं करडू चाचपून सरळ करायचा आणि त्याचे पुढचे दोन पाय धरूनच बाहेर यायचा. पुढं वस्तीवरच्या बायकाही अडल्यानडल्या की तिलाच बोलावू लागल्या. दारात कुणी आलं की तिचा नवरा सोनाजी कूसही न बदलता विचारायचा, "बाई का बकरी?" आणि उत्तर येईपर्यंत पुन्हा घोरायला लागलेला असायचा. बानाबाईच्या लेखी त्यात फार फरक नव्हताच. गर्भाची पिशवी कुणाची का असेना, ती आपल्या मर्जीनं आवळते आणि आपल्या मर्जीनं सैल पडते, आपण नुसतं दारात बसून राहायचं, असं ती म्हणायची.

हे आधीच सांगून टाकलेलं बरं. नाहीतर बाई अडाणी होती, खुळचट होती, म्हणून पुढचं सगळं घडलं असं म्हणून लोक मोकळे होतात. तशी समजूत करून घेणं फार सोयीचं असतं. बानाबाई खुळचट नव्हती. तिला एकाच गोष्टीचं भय होतं, आणि ते तिनं स्वतःच्या पोटातून शिकलेलं होतं.

लग्नानंतर तिची पहिली दोन लेकरं पोटातच गेली. दोन्ही वेळा दिवस राहिल्याचा आनंद तिच्या तोंडात मावला नव्हता. देवगाव रंगारीच्या बाजारात भेटेल तिला तिनं सांगितलं, ओळखीच्या बांगडीवालीला सांगितलं, अगदी भांडणाऱ्या जावेलाही सांगितलं. तिसऱ्या वेळी सासूनं दम भरला, तेव्हा ती तोंड शिवून बसली. विहिरीवर बायकांनी विचारलं तर पित्त झालंय म्हणाली. पाचव्या महिन्यात सासूनं दार लावून गुपचूप चोरचोळी केली, नवी चोळी दिली, ओटी भरली, आणि मगच गावाला कळलं. ते लेकरू जगलं. तोच अजिनाथ, तिचा एकुलता एक मुलगा. आता अशा बाईला नजरबिजर काही नसतं म्हणून कोण समजावणार? तिच्याकडं पुरावाच होता.

दोन हजार बारा-तेराच्या दुष्काळात त्यांचा कळप संपला. काही जनावरं चाऱ्यावाचून गेली, उरलेली सोनाजीनं डोळे झाकून विकली. मेंढरामागं हिंडणाऱ्या माणसाच्या मागं मेंढरूच उरलं नाही की तो कसा दिसतो, हे सोनाजीकडं बघून कळायचं. दिवसभर तो ओट्यावर बसून रिकाम्या रस्त्याला "हुर्र, हुर्र" करायचा. शेवटी अजिनाथनं काम शोधलं. औरंगाबादेत राहणारा अमेय नावाचा एक इंजिनिअर शहराबाहेर, दौलताबादकडं जाणाऱ्या रस्त्याच्या आत, शेळ्यांची मोठी शेड घालत होता. त्याला शेळ्यांतलं कळणारं कुटुंब राखणीला हवं होतं. सोनाजी, बानाबाई, अजिनाथ आणि त्याची नवी नवरी सत्यशीला असे चौघं तिथं पत्र्याच्या एका खोलीत राहायला आले.

शेडच्या चारी बाजूंना पूर्वी गायरान होतं. आता तिथं प्लॉट पडले होते. जमिनीत रंगवलेले दगड, त्यांच्यामध्ये चुन्याच्या रेघा, आणि हसणाऱ्या कुटुंबांचे मोठमोठे बोर्ड. शहर त्या बाजूनं वाढत चाललं होतं आणि वाढता वाढता गवत गिळत चाललं होतं. शेळ्यांना बाहेर काढायची सोयच नव्हती. त्या शेडमध्येच खायच्या, शेडमध्येच उभ्या राहायच्या, आणि पाणी टँकर आणील तेव्हा प्यायच्या. बानाबाईला पहिले कितीतरी दिवस वाटायचं, की या शेळ्या तुरुंगात आहेत. मग कामाच्या धबडग्यात तिला त्याचीही सवय झाली.

अमेयसाहेब माणूस वाईट नव्हता. रविवारी बायको-पोरांना घेऊन यायचा, सोनाजीला काका म्हणायचा, चहा मागून प्यायचा. पण त्याच्या डोक्यात कारखाना होता. बकरी ईदला सगळे बोकड एका अंगाचे, एका वयाचे तयार पाहिजेत. त्यासाठी सगळ्या शेळ्या एकाच आठवड्यात व्यायला पाहिजेत. आणि त्यासाठी सगळ्या एकाच वेळी माजावर यायला पाहिजेत. याला तो बॅच म्हणायचा. शेळ्यांना एक इंजेक्शन द्यायचं, दहाबारा दिवसांनी तेच दुसऱ्यांदा द्यायचं, की सगळ्या कळपाला एकदम माज येतो. बानाबाई त्याला माजाची सुई म्हणायची. बाहेरच्यानं पिशवीला घाई करायची, ही कल्पनाच तिला पटली नव्हती. पण शेळ्या साहेबाच्या होत्या, पिशव्याही साहेबाच्याच.

पहिल्या वर्षी ती सुई टोचायला एक डॉक्टर आला होता. फटफटी बंद न करता काम उरकणाऱ्या जातीचा. त्यानं कोण गाभण, कोण रिकामी, काही बघितलं नाही, सरसकट टोचत गेला. कुठल्यातरी बोकडानं आधीच काही शेळ्या लावल्या होत्या. दोन-तीन दिवसांत त्या गाभडल्या. सकाळी शेडमध्ये गेलं की कोपऱ्यात उंदराएवढे ओले जीव पडलेले असायचे. सत्यशीला ते घमेल्यात भरून नेऊन पुरायची. डॉक्टरनं टाकून दिलेल्या पिचकाऱ्याही तिनंच गोळा केल्या होत्या, एका वाटीत पाणी घेऊन धुतल्या होत्या, कारण चांगली वस्तू फेकून देणं या घरात कुणाला ठाऊक नव्हतं. सत्यशीलाला तेव्हा दुसरा महिना होता. त्याच आठवड्यात तिचं पोट रिकामं झालं.

बानाबाईनं त्याचा अर्थ आपल्या परीनं लावला. गाभडलेली शेळी पोटुशीनं बघू नये, तिच्या अंगाला अंग लागू देऊ नये, असं तिच्या लहानपणापासून कानावर होतं. पोरीनं तर ते जीव हातानं पुरले होते. आणखी काय पाहिजे होतं? तिनं स्वतःला बोल लावला, कुलदैवताला नवस बोलली, आणि पुन्हा असं होऊ द्यायचं नाही असं मनाशी पक्कं केलं.

सत्यशीला तिची सून होती, पण दोघींचं गूळपीठ होतं. पोरगी दहावी शिकलेली, कामाला वाघीण, आणि बोलायला जेवढ्यास तेवढी. ती "आत्याबाई" म्हणून हाक मारायची ती अशी, की बानाबाईला आपल्याला मुलगी नाही हे आठवतच नसे. दुपारी दोघी एकमेकींच्या डोक्यात तेल घालायच्या आणि पुरुषांची मनसोक्त टिंगल करायच्या. म्हणून पंधराच्या पावसाळ्यानंतर, म्हणजे जो पाऊस आलाच नाही त्यानंतर, सत्यशीलानं लाजत लाजत पुन्हा दिवस राहिल्याचं सांगितलं, तेव्हा बानाबाईला आधी रडू आलं आणि मग लगेच भीती वाटली. तिनं अजिनाथला शपथ घातली. सोनाजीला तर सांगितलंच नाही, कारण त्याच्या तोंडात तीळ भिजत नसे. चोरचोळी होईपर्यंत या पोटाचा उच्चार करायचा नाही, असं तिनं ठरवलं.

आणि सत्यशीलाला शेडमध्ये पाय टाकायला तिनं बंदी केली. स्वयंपाक, झाडलोट, खुराक मोजून देणं, एवढंच. चौथा महिना लागला. पोट अजून लुगड्यात लपत होतं. टँकर आता एक दिवसाआड, दोन दिवसांआड यायला लागला होता. शहरात क्रांती चौकात लोक बाटलीतलं पाणी अर्धं पिऊन फेकतात असं अजिनाथ सांगायचा, आणि इथं भांडी राखेनं घासून फडक्यानं पुसून ठेवावी लागत होती. थंडी कोरडी पडली. सत्यशीलाच्या बोटांना चिरा पडल्या, काही ठिकाणी रक्त दिसायचं. त्याकडं कुणी फारसं लक्ष दिलं नाही, कारण चिरा सगळ्यांच्याच हाताला होत्या.

त्या वर्षीच्या बॅचला साहेबानं नवी डॉक्टर आणली. चारुता तिचं नाव. शहरातली, तिशी उलटलेली, बोलण्यात चटपटीत, पण कामाला पक्की. आल्या आल्या तिनं एक छोटं यंत्र काढलं आणि एकेका शेळीच्या पोटाला लावून बघितलं. जी गाभण निघाली तिच्या कपाळावर निळी खूण केली आणि तिला वेगळ्या कप्प्यात कोंडलं. निळ्या खुणेच्या शेळीला सुई लागता कामा नये, असं तिनं बजावलं. बानाबाईला ही बाई आवडली. तिनं चहा केला, आणि बायकांनी बायकांना विचारायचं ते विचारलं, लेकरं किती? लग्नाला नऊ वर्षं झाली, अजून नाही, आता बहुतेक होणारही नाही, असं चारुता सरळ म्हणाली. बानाबाईला वाईट वाटलं. आणि त्याच वेळी तिच्या मनात कुठंतरी दार धाडकन लागलं.

पहिल्या खेपेच्या सुया चारुतानं स्वतः भरल्या, स्वतः टोचल्या. हातात रबराचे पातळ मोजे होते. काम संपल्यावर तिनं मोज्यांचं खोकं बानाबाईकडं दिलं. दुसऱ्या खेपेला तिला येणं जमणार नव्हतं, चारा छावणीवर तिची रोजची ड्युटी लागली होती. अजिनाथनंच सुया द्यायच्या, किती द्यायचं ते ती त्याला फोनवर सांगणार होती. अजिनाथ तेव्हा कडबा आणायला गेला होता, साहेब गाडीपाशी फोनवर बोलत होता. चारुता बॅग आवरता आवरता म्हणाली,

"मावशी, एक विचारायचं राहिलं. घरात कुणी गरोदर आहे का?"

प्रश्न एवढाच होता. का विचारतेय ते ती सांगणार होती, उत्तर हो आलं असतं तर. पण बानाबाईला ऐकू आलं ते वेगळंच. नऊ वर्षं रिकाम्या कुशीची बाई, तिच्याच दारात उभी राहून, तिच्याच घरातल्या पोटाची चौकशी करत होती. पत्र्याच्या आत सत्यशीला पीठ चाळत होती, चाळणीचा आवाज येत होता.

"नाय बाई," बानाबाई म्हणाली. "आमच्यात कोनी नाय तसं."

बरं झालं, असं म्हणून चारुतानं बॅगेची चेन ओढली. मोजे मात्र घालाच, असं ती पुन्हा सांगून गेली. बानाबाईनं ते खोकं फडक्यात गुंडाळून फळीवर उंच ठेवलं. डॉक्टरीणबाईची पांढरी स्वच्छ वस्तू होती, शेणामुताच्या हातांनी ती खराब करायची हे तिच्या जिवावर आलं. पुढच्या खेपेला बाईंना परत करू, असं तिनं ठरवलं. त्या संध्याकाळी तिनं सत्यशीलाची मीठमोहरीनं दृष्ट काढली. मोहरी चुलीत जोरात तडतडली, तेव्हा आपण वेळीच खोटं बोललो याचं तिला समाधान वाटलं.

दुसऱ्या खेपेच्या दिवशी सकाळपासून वारं सुटलं होतं. टँकर तिसऱ्या दिवशीही आला नव्हता. पिपाच्या तळाशी होतं ते पाणी शेळ्यांसाठी झाकून ठेवलेलं. अजिनाथ टोचणार, सोनाजी शेळी धरणार, बानाबाई टोचलेल्या शेळ्या पलीकडं हाकणार. सुया भरायला वाचता येणारं माणूस पाहिजे होतं, पिचकारीवरच्या बारीक रेघा बघून. ते काम सत्यशीलाकडं आलं. बानाबाईनंच नेमलं. शेळ्यांपासून लांब, खोलीच्या आत, बसल्या जागी, सावलीत, याहून जपणूक ती काय असते? शेळ्यांकडं बघू नको म्हणून तिनं खोलीच्या दाराला चादर सुद्धा अडकवली. चादरीखालून भरलेल्या पिचकाऱ्या बाहेर यायच्या, रिकाम्या आत जायच्या.

सत्यशीलाला सवय नव्हती. बाटलीच्या रबरी बुचात सुई खुपसून औषध ओढताना जास्त ओढलं जायचं, मग दट्ट्या दाबून ते रेघेवर आणावं लागायचं. जास्तीचं सुईच्या टोकातून उडायचं, बोटांवरून ओघळायचं. चिरांत थोडं झोंबलं. ती पदराला हात पुसत राहिली. एकदा तिनं आतून विचारलं, की आत्याबाई, हात धुवायला तांब्याभर पाणी मिळंल का? बानाबाईनं पिपाकडं बघितलं आणि चुलीतली राख लावून पूस म्हणाली. राखेनं तिनं हात चांगले खसाखसा चोळले.

दुपार कलताना काम संपलं. भाकरी थापायला बसलेली सत्यशीला मध्येच थांबली. कंबरेत काहीतरी होतंय म्हणाली. दिवसभर बसून अवघडली असशील म्हणत बानाबाई जवळ गेली आणि तिनं तिच्या ओटीपोटावर आपला उजवा हात ठेवला.

त्या हाताला जे कळलं ते कळू नये म्हणून बानाबाईनं आयुष्यातलं काहीही दिलं असतं. पोट हाताखाली आवळून येत होतं. कडक होत होतं, थांबत होतं, सैल पडत होतं, आणि पुन्हा आवळत होतं. ही लय तिला पाठ होती. शेकडो वेळा ती या लयीची वाट बघत बसली होती. पण ती नवव्या महिन्यातली लय होती, आणि पोट चौथ्या महिन्यातलं होतं. तिनं हात उचलला नाही. दाबून धरल्यानं थांबेल असं तिला वाटलं असावं.

अजिनाथनं रस्त्यावर जाऊन रिक्षा थांबवली. सरकारी दवाखान्यात पोचेपर्यंत सत्यशीलाचं लुगडं भिजलं होतं. तिथल्या डॉक्टरांनी पिशवी शांत करायचं सलाईन लावलं, पाय उंच करून ठेवले, धावपळ केली. कितवा महिना, असं नर्सनं बानाबाईला विचारलं, पण ते सत्यशीलालाच सांगावं लागलं. सकाळपर्यंत सगळं संपलं होतं. मुलगा होता, असं नर्स म्हणाली. ते सांगायची काही गरज नव्हती.

चारुताला कळायला तीन दिवस गेले. शेळ्या माजावर आल्या की नाही ते बघायला ती आली होती. आल्या होत्या, सगळ्या एकदम, शेडमध्ये नुसता कालवा चालला होता. सत्यशीला खोलीत भिंतीकडं तोंड करून पडलेली तिला दिसली. काय झालं ते सोनाजीनं सांगितलं, मागच्या वर्षीही असंच झालं होतं तेही. चारुतानं ऐकून घेतलं आणि हळू आवाजात विचारलं, की परवा सुया कुणी भरल्या? सोनाजीनं तेही सांगितलं, जरा कौतुकानंच. ती खुराकाच्या पोत्यावर बसली. मग तिनं बानाबाईला शेडच्या मागं नेलं.

"मावशी, पिशवीच्या मांसात बारीक बारीक कुलपं असतात. आम्ही त्यांना रिसेप्टर म्हणतो. वेळ आली की अंग स्वतः किल्ली तयार करतं, कुलूप उघडतं, आणि पिशवी आवळायला लागते. हे औषध म्हणजे तीच किल्ली, बाहेरून दिलेली. आणि शेळीच्या पिशवीचं कुलूप आणि बाईच्या पिशवीचं कुलूप एकच आहे. हातावर सांडलं तरी ते कातडीतून आत जातं. चिरा असतील तर आणखी लवकर."

त्यामुळंच झालं असं छातीवर हात ठेवून कुणी सांगू शकणार नाही, हेही ती म्हणाली. पण गरोदर बाईनं त्या बाटलीला शिवायचं सुद्धा नसतं. आम्ही डॉक्टर बायका सुद्धा दिवस राहिले की हात लावत नाही. मागच्या वर्षी पिचकाऱ्या कुणी धुतल्या होत्या, असं तिनं विचारलं, आणि बानाबाईचा चेहरा बघून पुढचं विचारायचं सोडून दिलं. तिला राग आला नव्हता. आला असता तर बानाबाईला सोपं गेलं असतं. चारुताचे डोळे भरले होते, आणि कारण आधी सांगायला हवं होतं, नुसतं विचारून निघून जायला नको होतं, असं ती स्वतःलाच म्हणत होती. ज्या बाईची नजर लागेल म्हणून बानाबाई भ्याली, ती बाई त्या लेकरासाठी रडत होती. बानाबाईला तिच्याकडं बघवेना.

ही गोष्ट तिनं घरात कुणाला सांगितली नाही. दिवस जाऊ दिले. सुनेला भाकरी भरवावी, अंग चोळून द्यावं, तोंडातून मात्र शब्द निघू नये, असं चाललं होतं. सत्यशीला उठून कामाला लागली, पण डोक्यात तेल घालून घ्यायला बसेना. आपल्या कुशीतच काही खोट आहे, असं ती एकदा चुलीपाशी बसून म्हणाली. दोनदा आलं आणि दोनदा गेलं, म्हणजे धरून ठेवायची ताकदच नाही. बानाबाईनं तेव्हाही तोंड उघडलं नाही. याला भित्रेपणा म्हणायचा की प्रेम, ते ज्याचं त्यानं ठरवावं. पोरगी दुरावेल म्हणून ती गप्प होती, आणि पोरगी तिच्या डोळ्यांसमोर वाळत होती.

मग पिशोरहून काकासाहेब आले. हे सोनाजीचे थोरले भाऊ. भावकीत शब्दाला वजन, आणि ते वजन कुठंही टाकायची हौस. पाय धुवायला पाणी नाही म्हणून आधी कुरकुरले, मग बाजेवर बसून मुद्द्यावर आले. अजिनाथचं वय जातंय, सूनबाईची कूस धरत नाही, तर तिला समजावून माहेरी पाठवावी आणि पोराचं दुसरं बघावं. त्यांच्या नजरेत एक मुलगी होतीही. सत्यशीलाचा भाऊ कडूबा त्यांनी सोबतच आणला होता, बहिणीला घेऊन जायला, जीपसकट. तो बिचारा मान खाली घालून दारात उभा होता. अजिनाथ काडीनं जमीन उकरत बसला. सत्यशीला आतून सगळं ऐकत होती, आणि तिनं रडणं नाही, भांडण नाही, खुंटीवरची लुगडी काढून गाठोडं बांधायला सुरुवात केली. तिला ते खरंच वाटत होतं, हे त्यातलं भयंकर.

बानाबाई उठली आणि पुरुषांच्या मधोमध येऊन उभी राहिली. थोरल्या दिरासमोर ती आजवर मोठ्यानं बोलली नव्हती.

"तिच्या कुशीत खोट नाय," ती म्हणाली. "त्या सुईच्या औषधानं लेकरू गेलं. डॉक्टरीणबाईनं माला आधी इचारलं व्हतं, घरात कोनी पोटुशी हाय का. मी नाय म्हनलं. नजर लागंल म्हनून म्हनलं. अन् त्याच हातानं पोरीला सुया भरायला बसवलं."

सत्यशीला गाठोडं घेऊन दारात आली होती. तिचा चेहरा कितीतरी दिवसांनी मोकळा दिसला. म्हणजे आपल्यात खोट नव्हती, एवढं आधी तिच्यापर्यंत पोचलं. बाकीचं पोचायला थोडा वेळ लागला. ते पोचलं तसा तिचा चेहरा पुन्हा बदलला, आणि बानाबाईनं तो बदलताना बघितला.

"नजरंचं भ्या तुमाला व्हतं, आत्याबाई," ती म्हणाली. आवाज चढलेला नव्हता. "माला नव्हतं. मी हितंच व्हते, पत्र्याएवढ्या अंतरावर. माला एकदा हाक मारली असती तर मी सांगितलं असतं. पोट मपलं व्हतं, अन् माला कोनी इचारलंच नाय."

ती वाकून सोनाजीच्या पाया पडली, काकासाहेबांच्या पडली. बानाबाईपाशी येऊन थांबली, आणि न वाकता पुढं गेली. कडूबानं गाठोडं जीपमध्ये टाकलं. आता कुणी तिला जा म्हणत नव्हतं. काकासाहेब सुद्धा राहा म्हणाले. ती आपल्या पायांनी निघाली होती.

अजिनाथ जीपच्या दांडीला धरून उभा राहिला. परत कधी येशील, असं त्यानं तिला विचारलं. बानाबाई मागंच होती. "यील की, चार दिस राहून यील," असं तिच्या ओठांपर्यंत आलं, तोंड उघडलंही, आणि तिनं ते मिटून घेतलं. सत्यशीला कडूबाच्या शेजारी चढून बसली. प्लॉटच्या दगडांमधून जीप रस्त्याला लागेपर्यंत सोनाजी, बानाबाई आणि अजिनाथ तिघंही उत्तर येण्याची वाट बघत उभे राहिले.